क्लार्कनवेलच्या इटालियन चर्चमध्ये, कार्मेलमातेच्या सणाला

गुरुवार

फॅरिंग्डन स्टेशनातून बाहेर पडून क्लार्कनवेल रोडने पश्चिमेकडे चालत राहिलं की उजव्या हाताला, दोन इमारतींच्या मध्ये दाबून बसवल्यासारखं सेंट पीटर्स इटालियन चर्च दिसतं. दोन कमानींची एक ओसरी, तिच्यावर मोझेइकची दोन चित्रं आणि मागे उंच घंटाघर. एका चित्रात मासळीने फाटायला आलेलं जाळं आहे, दुसऱ्यात येशू पेत्राच्या हाती किल्ल्या देतो आहे. रस्त्यावरून एवढंच दिसतं. दार ढकलून आत गेल्यावर मात्र जागा एकदम उघडते. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा आणि वर रंगवलेलं छत, अगदी रोममधल्या जुन्या बॅसिलिकांच्या धाटणीचं. रोमच्या त्रास्तेवेरे भागातलं सान क्रिसोगोनो चर्च डोळ्यांसमोर ठेवून जॉन मिलर-ब्रायसन या वास्तुविशारदाने ते बांधलं.

वसईत वाढल्यामुळे चर्च पाहताना माझं लक्ष आधी आलतारकडे, म्हणजे वेदीकडे, जातं आणि मग तो कोणी, कशासाठी उभारला याकडे. इथे दुसऱ्याच प्रश्नात जास्त जीव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमधल्या गरीब इटालियनांना मिस्सेसाठी, म्हणजे कॅथलिक उपासनेसाठी, लिंकन्स इन फील्ड्सजवळच्या सार्डिनियन चॅपेलमध्ये जावं लागे. ते सार्डिनियाच्या राजदूताचं चॅपेल. इंग्लंडमध्ये कॅथलिक उपासनेवर बंदी होती त्या काळात परदेशी वकिलातींची चॅपेलंच तेवढी सुरक्षित होती, आणि बंदी उठल्यावरही सवय तीच राहिली. १८४४ मध्ये रोमहून राफाएले मेलिया नावाचे धर्मगुरू या लोकांसाठी लंडनला आले. त्यांचे गुरू व्हिन्सेंट पलोटी यांनी पुढच्याच वर्षी इथे इटालियनांसाठी स्वतंत्र चर्चची कल्पना मांडली. पलोटी १८५० मध्ये वारले. जागा १८५२ मध्ये घेतली गेली. पहिला आराखडा फार मोठ्या चर्चचा होता, तो पैशाअभावी आखडता घ्यावा लागला, आणि १६ एप्रिल १८६३ रोजी चर्चचं दार उघडलं.

मेलियांबरोबर जुझेप्पे फा दि ब्रुनो हे दुसरे पलोटाइन (पलोटींच्या संघाचे) धर्मगुरू या कामात होते. मोठी घंटा त्यांनीच मिळवली. शेफिल्डच्या नेलर-व्हिकर्स कारखान्यात १८६२ मध्ये ओतलेली ही घंटा पोलादाची आहे आणि तिचं वजन साडेतीन टनांच्या आसपास. छतावरची चित्रं नंतरची, १८८५-८६ ची. ती पिडमाँटमधल्या सालुत्सो गावाहून आलेल्या आर्नो आणि गोतिए या चित्रकारांची. ऑर्गन १८८६ मध्ये बेल्जियममधून आला. रस्त्याकडची ओसरी तर १८९१ ची. चर्च बांधलं तेव्हा आजचा क्लार्कनवेल रोडच नव्हता. तो १८७८ मध्ये पुरा झाला. सगळं असं पैसे जमतील तसं टप्प्याटप्प्याने उभं राहिलं आहे, आणि ते पाहताना कळतंही.

चर्चला लागूनच तेर्रोनी हे किराणा-खाद्यपदार्थांचं दुकान आहे, १८७८ पासूनचं. तिथे चीज आणि पाव घेतला, बाहेर उभ्याउभ्या खाल्ला आणि बहिणीच्या घरी परतले.

शुक्रवार

आजचा दिवस गल्ल्यांचा. चर्चच्या दक्षिणेला सॅफ्रन हिल आणि हॅटन गार्डन, उत्तरेला बॅक हिल, आयर स्ट्रीट हिल आणि वॉर्नर स्ट्रीट. हा सगळा पट्टा शंभरेक वर्षं लंडनचा ‘लिट्ल इटली’ होता.

इथे पहिले आले ते कोमोच्या सरोवराकाठचे कारागीर. बॅरोमीटर, थर्मामीटर, आरसे, चित्रांच्या चौकटी ही त्यांची कामं. मग लुक्का भागातले प्लास्टरच्या मूर्ती डोक्यावरून विकणारे आले, पार्मा-पियाचेन्झाच्या डोंगरांतले बाजेवाले (दांडा फिरवून वाजवायचा पेटीसारखा ऑर्गन घेऊन रस्त्यांवर फिरणारे) आले, आणि शतकाच्या शेवटी रोमच्या दक्षिणेकडच्या खेड्यांतले आइस्क्रीमवाले. बाजेवाल्यांत लहान मुलं पुष्कळ होती. ‘पद्रोने’ म्हणवणारे मुकादम आईबापांना थोडे पैसे देऊन खेड्यांतून मुलं आणत, त्यांच्या गळ्यात बाजा किंवा हातात पांढऱ्या उंदरांची पेटी देत आणि संध्याकाळी ठरलेली कमाई आणली नाही तर मारत. सॅफ्रन हिलवरच्या खोल्यांत ही मुलं दाटीवाटीने झोपत. आज तिथे ऑफिसं आणि महागडे फ्लॅट आहेत. आयर स्ट्रीट हिलवर मात्र बाजे बनवणाऱ्या चियाप्पा कंपनीची जुनी पाटी अजून भिंतीवर आहे. मी तिच्यासमोर बराच वेळ उभी राहिले.

या मुलांसाठी पहिली शाळा काढली ती चर्चने नव्हे. ती काढली जुझेप्पे मॅझिनीने. १८३७ मध्ये निर्वासित म्हणून लंडनला आलेल्या मॅझिनीने १० नोव्हेंबर १८४१ रोजी हॅटन गार्डनमध्ये फुकट रात्रशाळा सुरू केली. दिवसभर बाजा वाजवून आलेली मुलं तिथे लिहायला-वाचायला शिकत, भूगोल शिकत, आणि रविवारी इटलीचा इतिहास ऐकत. सार्डिनियन चॅपेलच्या धर्मगुरूंना हे सहन झालं नाही. मॅझिनी पोपच्या राज्यसत्तेचा शत्रू होता, आणि त्याच्या शाळेत मुलं श्रद्धा गमावतील ही त्यांची भीती. चॅपेलमधून शाळेविरुद्ध प्रवचनं झाली. प्रतिस्पर्धी शाळाही निघाली.

मी कॅथलिक आहे, आणि तरी म्हणते की या भांडणात मॅझिनीचं पारडं जड होतं. रस्त्यावरच्या त्या पोरांकडे त्याने आधी पाहिलं. पण भांडणाचा एक परिणाम असा झाला की या मुलांना शिकवलंच पाहिजे हे दोन्ही बाजूंनी मान्य केलं. चर्च उभं राहिल्यावर त्याचीही शाळा आली. हर्बल हिलवर सेंट पीटर्स इटालियन स्कूल पिढ्यान् पिढ्या चाललं.

लेस्टॉल स्ट्रीटच्या दहा नंबरच्या घरावर मॅझिनीच्या मुखवट्याचा इटालियन स्मृतिलेख आहे. मराठी माणसाने तिथे जरूर जावं. १९०६ मध्ये लंडनला आलेल्या विनायक दामोदर सावरकरांनी हायगेटच्या ६५, क्रॉमवेल अव्हेन्यूवरच्या इंडिया हाउसमध्ये राहून मॅझिनीचं आत्मवृत्त मराठीत आणलं. १९०७ मध्ये ते पुण्यात छापलं गेलं आणि सरकारने जप्त केलं. महाराष्ट्रातल्या तरुणांनी लपूनछपून वाचलेला मॅझिनी आपल्याला क्रांतिकारक म्हणून माहीत आहे. बाजेवाल्या पोरांना बाराखडी गिरवायला लावणारा मॅझिनी या गल्लीत भेटतो.

सॅफ्रन हिलचीच आणखी एक गोष्ट. २६ डिसेंबर १८६४ च्या रात्री इथल्या गोल्डन अँकर या दारूच्या गुत्त्यात इंग्रज आणि इटालियन यांची मारामारी झाली आणि मायकेल हॅरिंग्टन नावाचा माणूस भोसकला गेला. पोलिसांनी सेराफिनो पेलित्सियोनीला धरलं. त्याला फाशीची शिक्षा झाली. साऱ्या वस्तीला ठाऊक होतं की सुरी त्याची नव्हती, पण वस्तीचं ऐकणार कोण? तेव्हा हेन्री नेग्रेट्टी पुढे आला. हा कोमोहून पोरवयात आलेला, पुढे हॅटन गार्डनमधली नेग्रेट्टी अँड झांब्रा ही वैज्ञानिक उपकरणांची नामांकित कंपनी काढणारा. त्याने खऱ्या मारेकऱ्याचा, ग्रेगोरियो मोन्यीचा, बर्मिंगहॅममध्ये माग काढला आणि ‘तुझ्या भावकीतला माणूस फासावर जातोय’ हे सांगून त्याला परत आणलं. ग्रेगोरियोला पाच वर्षांची सक्तमजुरी झाली. सेराफिनो अखेर सुटला. चर्च उघडून तेव्हा दोनच वर्षं झाली होती. लोक एकमेकांसाठी उभे राहत होते तेव्हा भिंतींचा रंगही नवा होता.

जाता जाता ईली प्लेसमध्ये सेंट एथेलड्रेडाज चर्च पाहिलं. तेराव्या शतकाच्या अखेरचं. धर्मसुधारणेत कॅथलिकांच्या हातून गेलं आणि १८७० च्या दशकात परत आलं, तेही रोझमिनियन या मूळच्या इटालियन संघाने विकत घेतल्यामुळे. तिथे बसल्यावर मला फादर स्टीफन्स आठवले. विल्टशरचा हा इंग्रज, मायदेशात मिस्सा करणं गुन्हा असण्याच्या काळात रोमला गेला, १५७९ मध्ये गोव्यात पोहोचला आणि मराठीत ओव्या रचून गेला.

शनिवार

किंग्ज क्रॉसजवळ कालव्याच्या काठी लंडन कॅनॉल म्युझियम आहे. ही इमारत म्हणजे कार्लो गात्ती या टिचिनोच्या इटालियनभाषक स्विस माणसाचं बर्फाचं कोठार. नॉर्वेहून जहाजाने आलेला बर्फ रीजंट्स कॅनॉलमधून होडीने इथे येई आणि जमिनीत खणलेल्या खोल विहिरींत साठवला जाई. वरून वाकून विहीर पाहता येते. लंडनच्या रस्त्यावर आइस्क्रीम परवडू लागलं ते या बर्फामुळे, आणि क्लार्कनवेलच्या इटालियनांना बाजा सोडून हातगाडी धरता आली तीही यामुळेच. आइस्क्रीम काचेच्या छोट्या जाड पेल्यात मिळे, गिऱ्हाईक ते चाटून पेला परत देई आणि तोच पेला पुढच्याला. क्षयाच्या भीतीने लंडनमध्ये १८९९ मध्ये त्या पेल्यांवर बंदी आली.

परतताना रे स्ट्रीटवर, कोच नावाच्या पबसमोरच्या लोखंडी जाळीला कान लावला. खाली फ्लीट नदी वाहते. जुन्या काळी इथल्या खोलगटात तिचा गाळ आणि दुर्गंधी असायची, भाडं स्वस्त असायचं आणि म्हणून इथेच इटालियन राहायला आले. पाण्याचा आवाज स्पष्ट येतो.

रविवार

कार्मेलमाता म्हणजे मरियामाता. तिचा सण १६ जुलैला. त्यानंतरच्या रविवारी मिरवणूक. मी सकाळच्या मिस्सेला गेले तेव्हा चर्च भरलेलं होतं. मिस्सा इटालियनमध्ये. शब्द कळले नाहीत तरी कुठे उभं राहायचं, कुठे गुडघे टेकायचे हे कळत होतं.

मिस्सा संपल्यावर मी ओसरीत थांबले. गुरुवारी घाईत इथून सरळ आत गेले होते. या चर्चबद्दल मला एकच गोष्ट सांगायची असेल तर ती या ओसरीबद्दल आहे. आतली चित्रं सुंदर आहेत, पण या धर्मग्रामाचं (पॅरिशचं) चरित्र बाहेरच्या भिंतीवर आहे.

इथे दोन स्मारकं आहेत. एक पहिल्या महायुद्धात मेलेल्या, ब्रिटनमध्ये राहणाऱ्या इटालियनांचं. त्या युद्धात इटली ब्रिटनच्या बाजूने होती, या गल्ल्यांतली पोरं सैन्यात गेली. दुसरं स्मारक १९६० मध्ये लावलेलं, ‘अरांदोरा स्टार’ जहाजावर बुडालेल्यांचं. दोन युद्धांच्या मधे एक पिढीसुद्धा नाही.

१० जून १९४० रोजी मुसोलिनीने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारलं. त्या रात्री सोहोपासून एडिंबरापर्यंत इटालियनांच्या दुकानांच्या काचा फुटल्या. वीस वर्षांपेक्षा कमी काळ ब्रिटनमध्ये असलेल्या सोळा ते सत्तर वयाच्या इटालियन पुरुषांना पकडण्याचा हुकूम निघाला, आणि फासिस्ट असल्याच्या संशयितांच्या याद्यांवरून इतरांनाही उचललं गेलं. कॅफेवाले, वेटर, आचारी, आइस्क्रीमवाले. चर्चमधल्या इटालियन धर्मगुरूंचीही सुटका नव्हती. युद्धकाळात चर्च आयर्लंडच्या पलोटाइन धर्मगुरूंनी सांभाळलं.

अरांदोरा स्टार हे ब्लू स्टार कंपनीचं एकेकाळचं आलिशान सहलीचं जहाज. त्याला करडा रंग फासून, डेकवर काटेरी तारा लावून, त्यात ७३४ इटालियन, त्यांच्याबरोबर जर्मन नजरकैदी, पहारेकरी आणि खलाशी भरून ते लिव्हरपूलहून कॅनडाकडे निघालं. सोबत संरक्षक नौका नव्हती. जहाजावर कैदी आहेत हे सांगणारी खूण नव्हती. २ जुलैच्या सकाळी आयर्लंडच्या वायव्येला यू-४७ या जर्मन पाणबुडीने टॉर्पेडो मारला आणि अर्ध्या तासाच्या आसपास जहाज बुडालं. तारांनी वाट अडवली, होड्या पुरल्या नाहीत, म्हातारी माणसं पाण्यात उतरायला धजली नाहीत. आठशेहून अधिक माणसं मेली, त्यांत चारशेहून अधिक इटालियन. कॅनडाच्या सेंट लॉरेंट या विनाशिकेने उरलेल्यांना वाचवलं. पुढचे कित्येक आठवडे आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या किनाऱ्यांवर प्रेतं लागत होती.

मेलेल्यांत डेचो आंझानी होता. तीस वर्षांहून जास्त काळ लंडनमध्ये राहिलेला शिंपी, मानवी हक्कांसाठीच्या इटालियन संघटनेचा चिटणीस, मुसोलिनीचा जाहीर विरोधक. त्यालाही शत्रू म्हणून त्याच जहाजावर चढवलं. पार्माजवळच्या बार्दी या एका गावाशी नातं असलेली ४८ माणसं गेली, त्यांतली बहुतेक वेल्समध्ये कॅफे चालवणारी. हा अन्याय होता. ज्यांनी वर्षानुवर्षं या शहराला खाऊ घातलं त्यांची साधी चौकशीही न करता त्यांना समुद्रात पाठवलं गेलं. ब्रिटिशांनी तेव्हा आपल्याकडेही हेच केलं: पुरंदर किल्ल्यावर शत्रुराष्ट्रांच्या नागरिकांची कुटुंबं नजरकैदेत होती, त्यांत हिटलरच्या छळातून निसटलेले जर्मन ज्यूही होते. पुरंदरला जाणाऱ्या आपल्या माणसांपैकी कितींना हे सांगितलं जातं?

ओसरीत ताजी फुलं होती. एक वयस्कर बाई पर्समधून रुमाल काढून स्मारकाची कड पुसत होत्या. मी काही विचारलं नाही.

दुपारी रस्ता बंद झाला आणि गर्दी दाटली. बहीण, तिचे यजमान आणि भाची येऊन मिळाले. ही मिरवणूक १८८० च्या दशकापासून निघते. १८२९ च्या कायद्याने कॅथलिकांना बहुतेक सगळे नागरी हक्क दिले होते, पण धर्मवस्त्रं घालून उघड्यावर विधी करायला त्याच कायद्यात मनाई होती. १९०८ मध्ये लंडनच्या युकॅरिस्टिक काँग्रेसची (कॅथलिकांच्या जागतिक मेळाव्याची) पवित्र साक्रामेंताची, म्हणजे मिस्सेत पवित्र केलेल्या भाकरीची, मिरवणूक पंतप्रधान अस्क्विथ यांच्या सरकारने रोखली. ती मनाई १९२६ मध्ये रद्द झाली. एवढ्या वर्षांत क्लार्कनवेलचे गरीब लोक मात्र आपली माता खांद्यावर घेऊन रस्त्यावर येतच होते. बिशप आणि उमराव यांना जे जमलं नाही ते या बाजेवाल्यांनी आणि आइस्क्रीमवाल्यांनी गल्लीत करून दाखवलं. मला या चर्चच्या साऱ्या इतिहासात याचा सर्वांत जास्त अभिमान वाटतो.

पुढे संतांचे आणि बायबलमधल्या प्रसंगांचे चित्ररथ, मग प्रथम कम्युनियन घेतलेली पांढऱ्या कपड्यांतली मुलं, मग गावोगावच्या मंडळांचे झेंडे. काही बायका आपल्या गावचा जुना पोशाख करून आल्या होत्या, आमच्या वसईच्या कुपारी समाजातल्या बायका सणाला लाल लुगडं नेसून निघतात तशा. शेवटी खांद्यांवरून कार्मेलमाता. ती ओसरीतून बाहेर आली तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला आणि पोलादी घंटा वाजू लागली.

भाचीने विचारलं, “मावशी, हे सगळे इथेच राहतात?”

नाही. इथे आता जवळजवळ कोणीच राहत नाही. भाडी वाढली, मुलं शिकली, घरं उपनगरांत गेली. आमच्या शेजारी उभं असलेलं कुटुंब बेडफर्डहून आलं होतं. १९५० च्या दशकात तिथल्या विटांच्या भट्ट्यांसाठी दक्षिण इटलीतून मजूर आणले गेले, त्यांची ही नातवंडं. त्यांच्या घराजवळ चर्च आहे. तरी बाप्तिस्म्याला, लग्नाला, या मिरवणुकीला ते इथे येतात. “आजी इथे यायची,” असं त्यांच्यातल्या बाई म्हणाल्या आणि पुढे आणखी कारण देण्याची त्यांना गरज वाटली नाही.

मिरवणूक संपल्यावर सगळे खाली वॉर्नर स्ट्रीटवर, रोझबेरी अव्हेन्यूच्या पुलाखाली जत्रेला. पोर्केत्ता, सॉसेज, पोलेंता, वाइन, आणि अकॉर्डियनवर नाच. जिथे फ्लीट नदी जमिनीखालून जाते तिथेच टेबलं मांडली होती. भाची नाचली. बहिणीने आणि मी सॉसेजच्या रांगेत उभं राहून वसईच्या सणाच्या आणि आईच्या इंद्याळाच्या (मटणाच्या तिखट-आंबट रश्शाच्या) गप्पा मारल्या.

सोमवार

संध्याकाळचं विमान. सकाळी क्वीन स्क्वेअरला गेले. तिथे एका भव्य इमारतीवर ‘ओस्पेदाले इतालियानो’ ही अक्षरं कोरलेली आहेत. जोव्हान्नी बात्तिस्ता ओर्तेल्ली या व्यापाऱ्याने १८८४ मध्ये गरीब इटालियनांसाठी स्वतःच्या घरात हे रुग्णालय सुरू केलं. ते १९९० मध्ये बंद झालं आणि इमारत ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटच्या मुलांच्या रुग्णालयाकडे गेली. तिथून युस्टनकडे चालत जाऊन १८३, नॉर्थ गोवर स्ट्रीट पाहिलं, मॅझिनीचं सुरुवातीचं घर. तो तिथे १८३७ ते १८४० राहिला. भिंतीवर निळी पाटी आहे.

तुम्ही जाणार असाल तर १६ जुलैनंतरचा रविवार गाठा. तो जमला नाही तर कुठल्याही दिवशी जा, फॅरिंग्डन किंवा चान्सरी लेन स्टेशनपासून चालत दहा मिनिटांचं अंतर आहे. लेस्टॉल स्ट्रीट, आयर स्ट्रीट हिल आणि रे स्ट्रीटची जाळी एका फेरीत होते. आणि आत जाण्यापूर्वी ओसरीत थांबून दोन्ही स्मारकं नीट वाचा.